पौलसने न खाल्लेला मासा

पौलसने मासा सोडला, ही बातमी आमच्या नवापूरकडच्या टेकाडांत पाद्रीसाहेबांच्या बदलीपेक्षा मोठी ठरली. हा माणूस लग्नाला गेला की आधी पातेल्यातला रस्सा बघणार, मग नवरा-नवरीला. आणि मासा तरी कुणाचा सोडला? बुधीबाईच्या तळ्यातला. बुधीबाई त्याची वहिनी. सासू गेली तेव्हा पौलस चड्डी सावरत फिरत होता. तिनेच त्याला काटे काढून मासा भरवला, शाळेत धाडलं, रंजनाशी लग्न लावून दिलं.

"दाढ दुखते," पौलस म्हणाला. दाढ दुखणारा माणूस बांधावर बसून ऊस सोलत होता. मग म्हणाला, प्रार्थनेत शब्द दिलाय. तो शब्द त्याने सुरत रस्त्यावरच्या ढाब्यावर तळलेल्या माशासोबत चावून खाल्ला, तोही माझ्यासमोर.

"देवाला तळलेला चालतो वाटतं," मी म्हटलं. पौलस हसला नाही. फुकटच्या टोमण्यावर न हसणारा पौलस, हे गणित काही जुळेना.

मागच्या पावसाळ्यानंतर त्याचा नवा धंदा सुरू झाला होता. गुजरातेतल्या एका तोंडाला लावायच्या क्रीमच्या कारखान्यातून रिकामे निळे ड्रम आणायचे, धुवायचे, विकायचे. क्रीम नासू नये म्हणून जे औषध घालतात, ते त्या ड्रममधून येई.

"धुतोस कुठे रे?" बुधीबाईने विचारलं होतं.

"पार पलीकडे, वहिनी. तुझ्या तळ्यात येणाऱ्या ओहोळात कशाला धुईन?"

तिने पुन्हा विचारलं नाही. आपल्या हाताने वाढवलेल्याला कोण दोनदा विचारतं?

जून सरला. रोहूच्या जोड्या लावायची वेळ आली. बुधीबाईच्या तळ्यातली पिलं गावोगाव जातात. ती निघाली नाहीत तर सगळं घर गुजरातेत ऊसतोडीला जाणार, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिने एक नर धरला. या दिवसांत नराचा छातीजवळचा पर खरखरीत लागतो. हा गुळगुळीत. पोट दाबलं तर दुधासारखं पांढरं निघायला हवं. निघालं नाही. दुसरा धरला, तिसरा धरला, तेच. शेवटी एक कापला. जिथे पांढरी पिशवी हवी तिथे अंड्यांचे दाणे.

"वहिनी, तुझ्या राज्यात नरसुद्धा बायका झाले!" काठावरून पौलस ओरडला. सगळे हसले. मीही हसलो. पण पौलस माशाकडे बघत नव्हता, ओहोळाकडे बघत होता.

बुधीबाई आधी गोवालवर धावली. हे नर तिला त्यानेच विकले होते.

"नर म्हणून माद्या गळ्यात बांधल्यास!"

"बाई, मागच्या साली याच नरांची पिलं विकलीस ना? तेव्हा बरे होते?"

मग मत्स्य खात्याचे साहेब आले. म्हणाले, "पाणी तपासावं लागेल. नासू नये म्हणून वापरतात त्यातली काही औषधं पाण्यात उतरली की माशाच्या अंगात मादीच्या संप्रेरकासारखं काम करतात. ओहोळाच्या वरच्या अंगाला काय आहे?"

"माझा दीर आहे," बुधीबाई म्हणाली.

रविवारी तिने पौलसला आणि रंजनाला जेवायला बोलावलं. शेजारी म्हणून मलाही. रंजनाला सातवा महिना. बुधीबाईने तळ्यातल्या रोहूचा रस्सा केला होता. पौलसने सवयीने वरण मागून घेतलं.

"मला वाढा, बाई," रंजना म्हणाली. "कधीपासून जीव होतोय. हे घरी आणूच देत नाहीत."

तिने तुकडा मोडला, घास उचलला, आणि पौलसने तिचं मनगट धरलं.

"खाऊ नको."

"का?"

चुलीजवळ बुधीबाईची सून एस्तेर तान्ह्याला पाजत होती. बाळंत होईपर्यंत तिने याच तळ्यातला मासा खाल्ला होता, आणि पौलस तेव्हाही समोर बसून वरण भुरकत होता.

"तुला कधीपासून माहीत?" बुधीबाईने विचारलं.

"कारखान्यातला माणूस म्हणाला होता... पाण्यात सोडू नको, पोटुशीला जपा... पण वहिनी, वर दुसरं पाणी आहे कुठे? मला वाटलं, थोडंसंच तर जाईल."

बुधीबाईने रंजनाचं ताट उचललं, तिला वरण-भात वाढला. मग ते माशाचं ताट पुढ्यात घेऊन बसली. बोटांनी काटे वेगळे करू लागली. घाई नाही, एकेक. सगळे निघाल्यावर तिने ते ताट पौलससमोर सरकवलं.

"खा," ती म्हणाली. "काटे काढलेत."