खुशालराव डॉक्टरांची हजेरी

अकोल्यात डॉक्टरांची परिषद भरली की हजेरीच्या वहीत सगळ्यात जास्त सह्या संघपालच्या असायच्या. त्यात त्याच्या स्वतःच्या नावाची एकही नसे. तो औषध कंपनीचा प्रतिनिधी. चौदा वर्षं अकोला-अमरावतीचे दवाखाने फिरत होता. डॉक्टर मंडळी जेवणाला हजर आणि भाषणाला गैरहजर, मग त्यांच्या नावापुढे सही कोण करणार? संघपाल अकरा डॉक्टरांच्या सह्या अकरा पेनांनी करायचा. अवघड काही नव्हतं. डॉक्टरांचं अक्षर तसंही कुणाला लागत नाही.

यंदा कंपनीने त्याला थेट व्हिएन्नाला, मधुमेहाच्या परिषदेत स्टॉलवर उभं केलं. तिथलं काम नीट झालं तर परतल्यावर एरिया मॅनेजर, असं ठरलेलं. निघण्याआधी मुख्य कार्यालयातल्या आकांक्षा मॅडमनी नियमांची पुस्तिका हातात दिली. डॉक्टरांना भेटवस्तू द्यायची नाही, जेवू घालायचं नाही, त्यांची खासगी कामं करायची नाहीत, औषधाबद्दल खोटं बोलायचं नाही. एक नियम मोडला तर बढती विसरा आणि पुढच्या विमानाने घरी जा. संघपालला लहानपणी एकोणतिसाचा पाढा पाठ व्हायला दोन आठवडे लागले होते. पुस्तिका त्याने चार दिवसांत पाठ केली. मात्र पाठ झाली ती तोंडाला. हाताला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉलपुढे अमरावतीचे डॉ. खुशालराव येऊन उभे राहिले, सोबत पत्नी शकुनताई. कंपन्यांनी डॉक्टरांना परदेशी न्यायचं नाही असा नियम झाल्यामुळे ते स्वतःच्या तिकिटाने आले होते, आणि तेवढ्यावरून जरा घुश्शातच होते. संघपालचा अर्धा धंदा या एका माणसाच्या चिठ्ठीवर चालायचा. त्यांच्या घरचं गॅस सिलिंडर त्याने आणलेलं, मुलाचे परीक्षेचे फॉर्म त्यानेच भरलेले.

"मॅडमले राजवाडा पाहाचा आहे," डॉक्टर म्हणाले आणि गळ्यातलं कार्ड काढलं. "हे दर भाषणाच्या दारावर लावजो. मले हजेरीचं सर्टिफिकेट पाहिजे."

मनाने नाही म्हणायच्या आत हाताने कार्ड घेतलंसुद्धा. डॉक्टर निघून गेले.

संघपाल पहिल्या दाराशी गेला. तिथे एक उंच मुलगी यंत्र घेऊन उभी होती. पुढच्या माणसाने कार्ड लावलं, तर पडद्यावर त्याचा हसरा फोटो आला. संघपालने आपल्या दाट केसांवरून हात फिरवला. खुशालरावांचं टक्कल अमरावतीत दुरून ओळखू येई, आणि खाली मिशा झुबकेदार. मागे वळून पाहिलं तर स्टॉलवरून आकांक्षा मॅडम त्याच्याकडेच बघत होत्या. तो रांगेतून बाहेर पडला, एका डॉक्टरांचं कार्ड परत करायचं आहे असं त्यांना खरं खरं सांगितलं, तासाभराची परवानगी घेतली आणि ट्राम पकडली.

राजवाड्याच्या रांगेत डॉक्टर सापडले.

"सर, तिथं पडद्यावर फोटो निघते."

"मंग?"

"तुमचा निघते."

डॉक्टरांनी त्याच्या डोक्याकडे नीट पाहिलं. "टक्कल करून घे. केसांचं काय, येतात वापस."

"ते केलं असतं, सर. मिशा कुठून आणू?" संघपालने कार्ड पुढे धरलं. अर्धा धंदा त्या रांगेत उभा होता. "अन् फोटो नसता तरी आता मी नाही करत. अकोल्यात केलं ते केलं."

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात शकुनताईंनी ते कार्ड घेऊन नवऱ्याच्या गळ्यात घातलं. "जा ना तुमी. काल म्युझियमात चित्रातल्या एकेका राजाची शुगर सांगून राहिले होते. मले एकटीले पाहू द्या."

ट्रामच्या थांब्यावर सवयीने डॉक्टरांनी बॅग पुढे केली. सवयीने संघपालचा हातही निघाला, तो त्याने अर्ध्यातून खिशात घातला. यंत्रातून तिकीट डॉक्टरांनी स्वतः काढलं. तिसऱ्या खेपेला जमलं. कुठलं बटण दाबायचं ते मात्र संघपालने दाखवलं.

दुपारी डॉक्टर स्टॉलवर आले. हातात कॉफीचे दोन कप.

"दोन भाषणं बसून ऐकली," ते म्हणाले. "तुही गोळी मी ज्यायले लिहितो ना, त्यातल्या अर्ध्या पेशंटले ते लागतच नाही म्हणते. म्हाताऱ्यायची शुगर उलटी खाली जाते, चक्कर येऊन पडतात. खरं आहे का रे?"

आकांक्षा मॅडम शेजारीच उभ्या होत्या.

"खरं आहे, सर. बंद करा त्यायची." मग संघपालने विचारलं, "बाकी अर्ध्यायले त लागते ना?"

"लागते," डॉक्टर म्हणाले, आणि एक कप त्याच्यापुढे सरकवला.

संघपालने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पुस्तिका काढून पुढून मागून चाळली. डॉक्टरांनी प्रतिनिधीला कॉफी पाजू नये, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याच्या ते डोक्यातच आलं नसावं.