न टोचलेलं औषध

सुईच्या टोकाला थेंब लोंबत होता आणि पडत नव्हता. गढूळ, तांदळाच्या धुवणासारखा. रुपराव ढोक पलंगाच्या काठावर डावी मांडी उघडी टाकून बसले होते आणि त्या थेंबाकडे बघत होते – आता पडेल, मग पडेल... पिचकारीच्या काचेवर छत्तिसाची रेघ, आणि दट्ट्या बरोबर तिच्यावर, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मापाच्या बाबतीत त्यांचा हात कोण धरणार? वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून अठ्ठावीस वर्षं झाली होती. इतवारी बाजारातल्या भल्याभल्या दुकानदारांची मापं त्यांनी ओट्यावर पालथी करून दाखवली होती.

"अजी, झालं का?" दाराबाहेरून बायको, भागीरथा. "काहून इतका वेळ लावून राहिले?"

"होते वं. थांब."

मग त्यांनी रोजचंच केलं. सुई मांडीकडे न नेता स्टीलच्या पेल्याकडे नेली, दट्ट्या दाबला, पेल्याच्या बुडाशी जमलेलं ते पाव चमचा पाणी घोटभर साध्या पाण्यात कालवून एका दमात पिऊन टाकलं. दवाखान्याच्या पुसलेल्या फरशीचा वास घशातून नाकात चढला. मग स्पिरिटचा बोळा मांडीवर दाबून धरला आणि दाराबाहेर ऐकू जाईल असा "स्स्" केला. हा "स्स्" त्यांना आता फार छान जमायला लागला होता. गणपतीतल्या नाटकात उभे राहिले असते तर बक्षीस घेऊन आले असते.

एक्केचाळीस दिवस. पहिल्या दिवशी असं काही मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं. त्या दिवशी खरंच टोचायचं होतं. भागीरथेने भल्या पहाटे उठून पातेलीत पिचकारी वीस मिनिटं उकळली होती, घड्याळ लावून, स्वच्छ फडक्यावर मांडून आणली होती – पूजेचं ताट आणावं तशी – आणि रुपराव म्हणाले होते, तू बाहेर जा, दार लोट, मी माझं घेतो. दार लोटलं गेलं आणि हात मांडीपासून चार बोटांवर थांबला. पुढे जाईच ना. घामाने बनियन भिजली. बाहेर ती उभी... किती वेळ उभी राहणार? शेवटी मनाने म्हटलं, अरे, औषध ते औषध. गोळ्या तोंडाने घेत होतास तेव्हा त्या कुठे जात होत्या? पोटातच ना? आजच्या दिवस पी. उद्या बघू.

उद्या काही बघितलं नाही. माणूस एकदा पडला की पडल्या जागेची सवय होते.

सुईचं भय आजचं नव्हतं. भिवापूरला आठव्या वर्षी पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि पोटात चौदा सुया ठरल्या. रोज एक. दोघे हात धरायचे, एक जण पाय, आणि बाप डोक्याशी उभा राहून म्हणायचा, ढोकाचं पोरगं रडत नाही. सुई केवढी – त्या वयात तर सुताराच्या गिरमिटाएवढी. रुपरावांना अजून सगळं दिसायचं: नवव्या दिवशी मी पळालो. मिरच्या वाळत घातल्या होत्या त्या खळ्यात, लाल ढिगामागे जाऊन दडलो, आणि ठसक्याने जीव जायची पाळी आली तरी तोंड दाबून बसलो... पण ठसका कुठे दबतो? ठसक्यानेच सापडलो. घरी नेताना बाप वाटेत भेटेल त्याला सांगत होता, पोरगा मोठा धीराचा, आठ सुया झाल्या, डोळ्यातून टिपूस नाही. आणि मी त्याचं बोट धरून, डोळे चोळत, धीराचा म्हणून चालत होतो.

"हे पाहा जी." भागीरथा काचेची नळी घेऊन आत आली. लघवीत ते निळं औषध घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं काम ती आता सराईतपणे करत होती. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं म्हणजे थोडी. विटकरी म्हणजे गच्च. नळीत वीट होती. एक्केचाळीस दिवस वीटच होती.

"मंग हे औषध चालून काहून नाही राहिलं?" ती नळी उजेडाकडे धरून म्हणाली. स्वतःशीच म्हणाली. मग हळूच, "माझंच काही चुकते. बाटलीले ऊन लागत असन. ओल्या रेतीत ठेवा म्हणे, तं मी ठेवतो, पण दुपारी रेती कोमट होते..."

हल्ली ती दिवसातून तीनदा रेती बदलत होती. माठाशेजारच्या त्या गाडग्यापुढे बसून, पदर खोचून. चहातली साखर तिने स्वतःचीही सोडली होती. रोग म्हशीला अन् औषध पखालीला, ते म्हणतात ना, तसं. आणि म्हैस पलंगावर बसून बघत होती. रुपरावांना वाटलं, आता सांगावं. या क्षणी. तोंड उघडलंही, पण ती तोवर नळी धुवायला मोरीवर गेली होती.

अकरा वाजता रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे जायचं होतं. सायकल रिक्षात बसताना डावा पाय तिने उचलून आत ठेवला. अंगठ्याशेजारच्या बोटाला चप्पल लागली होती, शिमग्याच्या आसपास. जखम वाटाण्याएवढी होती ती आता रुपयाएवढी झाली होती, आणि दुखत नव्हती. दुखत नव्हती हेच वाईट, असं डॉक्टर म्हणाले होते. वाटेत सीताबर्डीवर एका तेलवाल्याने दुकानातून उठून नमस्कार केला. "साहेब, तब्येत?" रुपरावांनी मान हलवली. चोराच्या मनात चांदणं – त्यांना वाटलं, याने ओळखलं.

असाच एक होता, म्हातारा, रॉकेलवाला. त्याच्या लिटराच्या मापाला आतून दुसरं बूड होतं. सापडला तेव्हा भर रस्त्यात पाय धरले त्याने. म्हणाला, साहेब, एक डाव केलं, मग थांबताच आलं नाही. किती हसलो होतो आपण त्या वाक्याला! कचेरीत येऊन सगळ्यांना सांगितलं होतं, त्याच्या आवाजाची नक्कल करून. आणि खटला भरला होता.

डॉक्टर मनाने चांगला माणूस. गोळ्यांनी साखर हटेना तेव्हा त्यांनीच समजावून सांगितलं होतं, आता इन्सुलिनशिवाय गत नाही. त्याआधी रुपरावांनी काय केलं नव्हतं? कारल्याचा रस झाला, जांभळाच्या बियांचं चूर्ण झालं, बिजाच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं निळसर पाणी सहा महिने झालं. सुई टळते आहे ना, मग विष आणून द्या, तेही पितो, अशी गत. आज खिशात वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. डॉक्टर पाय बघत असतानाच त्यांनी ते पुढे केलं.

"अमेरिकेत म्हणे सुई नसलेलं यंत्र निघालं आहे. नुसत्या दाबाने औषध कातडीतून आत जातं. आपल्याकडे..."

डॉक्टरांनी कात्रण पूर्ण वाचलं. हसले नाहीत. "खरं आहे. पण ते इथे, तुमच्या-माझ्या हाताला लागायला दहा-पंधरा वर्षं जातील, रुपरावजी. तुमच्या बोटाला आठ-दहा दिवस आहेत. सुकलं नाही तर बोट काढावं लागेल. नंतर पाऊल."

मग ते भागीरथेने लिहून आणलेला कागद बघत बसले. विटकरी, विटकरी, विटकरी. "विसाने सुरू केलं, अठ्ठावीस केलं, छत्तीस केलं. शरीर दाद देत नाही असं कसं?" चष्म्यावरून त्यांनी रुपरावांकडे बघितलं. "राग मानू नका, पण हात थरथरतो का? औषध पूर्ण जातं ना आत?"

आता. हीच ती वेळ होती, डॉक्टरांनी दार उघडून दिलं होतं. पण रुपरावांच्या आधी भागीरथा बोलली, आणि बोलली ती चक्क भांडली.

"डॉक्टरसाहेब, यायच्या हातानं माप चुकत नाही. यायनं जन्मभर लोकायची मापं धरली. सख्ख्या मामेभावाचं दुकान सोडलं नाही जी यायनं! चुकलं असन तं माझं. बाटली मीच गरम होऊ देली असन."

रुपरावांनी कात्रणाची घडी घालून ते परत खिशात ठेवलं.

"बरं, बरं," डॉक्टर म्हणाले. "नवी बाटली घ्या. आता चाळीस. दोन वेळा, आज संध्याकाळपासून, जेवणाआधी. आणि टोचायचं तुम्ही, बाई. यांनी नाही."

दोन आठवड्यांपूर्वी रुपरावांनी विचारलं होतं – मोघम, कुणा दुसऱ्यासाठी विचारावं तसं – की हे औषध प्यायलं तर काय होतं? डॉक्टर म्हणाले होते, काही होत नाही, वरण-भातासारखं पचून जातं. म्हणजे तेव्हापासून तर माहीतच होतं. तरी पीत राहिलो. कारण आता पिणं थांबवायचं म्हणजे आधीचं पिणं सांगायचं... पण आज प्रश्न तेवढाच उरला नव्हता. या अंगात आजवर एक थेंब इन्सुलिन गेलं नव्हतं. ज्याला विसापासून सुरुवात करायची त्याला एकदम चाळीस. आणि विसाचे चाळीस कशामुळे झाले? एक-एक पायरी मीच चढवली, पेल्याने.

बाहेरच्या खोलीत नर्स सिंधूताई भागीरथेला शिकवत होत्या. संत्र्यावर. "ढिल्या सालीचं नका घेऊ, बाई, कच्चं घट्ट घ्या. कातडीसारखं लागते. पेन पकडता ना, तशी पकडा. भ्यायचं नाही." भागीरथेने पाणी भरलेली पिचकारी संत्र्यात खुपसली, पहिल्याच फटक्यात, सरळ. सिंधूताई म्हणाल्या, "व्वा!" आणि मग सांगू लागल्या, "आता ध्यान देऊन ऐका. औषध जास्त झालं तं घाम सुटन, हातपाय थरथरतीन, माणूस बरळन. लगेच साखरेचं पाणी पाजाचं. बेहोश झाला तं तोंडात काही घालाचं नाही, उचलून इकडेच आणाचं. उशीर झाला तं माणूस हाती लागत नाही. पण तुमाले भेव नाही, यायले तं सवय आहे छत्तिसाची."

रुपरावांनी ते शब्द न् शब्द ऐकले. भागीरथा मान डोलवत होती.

दुपारभर ती कच्च्या संत्र्यांना टोचत बसली. दहा-बारा संत्री परातीत मांडून, चाळिशी नाकावर, ओठ घट्ट मिटून. मध्येच नजर वर करून हसली. "पाहा, हात कापत नाही." इतक्या वर्षांच्या संसारात या बाईने आपल्याबद्दल कुणापुढे वाकडा शब्द काढला नव्हता, उलट गावभर सांगत फिरायची, आमचे हे म्हणजे सोन्याचा काटा. काय सांगायचं तिला? की तू उकळत होतीस, रेती बदलत होतीस, रडत होतीस मोरीवर – हो, रडताना बघितलं होतं परवा – आणि मी दाराआड बसून ते पाणी पीत होतो? की "स्स्" हा खोटा होता? चिडली तर बरं. ती चिडणार नाही. ती नुसती बघेल. आणि मग उद्यापासून माझं काहीही, साधं "जेवलो" म्हटलेलंही, ताटाकडे बघून खरं करून घेईल... त्यापेक्षा चाळीस बरे! हा विचार आला आणि रुपराव स्वतःच दचकले. एका बाईच्या नजरेपायी जीव द्यायला निघाला होता हा माणूस. गाढव. शुद्ध गाढव.

तरी ते उठले नाहीत.

साडेसहाला तिने दिवा लावला, हात धुतले, आणि पिचकारी घेऊन पलंगाशी आली. नवी बाटली, नवी रेघ, चाळिसाची. मांडीवर स्पिरिटचा गार बोळा फिरला. कातडी तिने दोन बोटांत धरली, आणि रुपरावांनी सवयीने वाट बघितली – आता पोटात गोळा येईल, आता घाम फुटेल, आता ते चौघे येऊन हातपाय धरतील.

काही आलं नाही.

त्यांनी मान वळवून सुईकडे बघितलं. लोखंडाची बारीक काडी, बस. हिला भिऊन आपण एक्केचाळीस वेळा... छे, एवढीशी तर होती.

"थांब," ते म्हणाले.

"काहून जी?" तिचा हात तसाच थांबला. मग तिच्या चेहऱ्यावर काही उलगडलं, आणि ती इतकं मऊ बोलली की त्यांना ऐकवेना. "भेव वाटते का तुमाले सुईचं?"

जे खरं होतं ते वेगळं होतं, आणि ते दातांपर्यंत आलं होतं – वीसच भर, भागीरथा, मी कधी घेतलंच नाही. पण हे दुसरं वाक्य तिने आयतं हातात ठेवलं होतं.

"हो," रुपराव म्हणाले. "लहानपणापासून."

"अगं बाई! मंग इतके दिवस एकट्यानं कसं घेतलं जी तुमी?" तिचे डोळे भरून आले. पिचकारी उजव्या हातात तशीच धरून डावा हात तिने त्यांच्या कपाळावर ठेवला, आणि केवढा अभिमान होता त्या हातात. "सांगाचं ना मले."

त्यांना जन्मात कुणी असं विचारलं नव्हतं आणि त्यांनी जन्मात कुणाला हे सांगितलं नव्हतं. आणि आज सांगितलं तेव्हा त्यातलं एक अक्षर खरं उरलेलं नव्हतं. भय होतं, पण ते तिच्या डाव्या हातात होतं, कपाळावर ठेवलेल्या. तो हात उचलला जाईल म्हणून ते श्वास धरून पडून राहिले.

"मिटा डोळे," भागीरथा म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले नाहीत; चाळिसाच्या रेघेवरचा दट्ट्या बघत राहिले.