व्हरांड्यातली पुली

सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या त्या कॉलनीत फुकटचा सल्ला द्यायला कुणाला कधी दम लागला नाही. नवऱ्याचा, जयवंतचा, उजवा हात दुबळा पडायला लागला तेव्हा शोभाने हे पुरतं अनुभवलं. कुणी म्हणालं तिळाचं तेल चोळा, कुणी म्हणालं सकाळी दवाच्या गवतावर चालवा. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर सरळच विचारलं, "मनावर घेत नाहीत का हो ते?" मनावर म्हणे! जणू नसा मरतात त्या माणूस मनावर घेत नाही म्हणून.

मुंबईच्या डॉक्टरांनी रोगाचं नाव मोटर न्यूरॉन डिसीज असं सांगितलं होतं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसाच हळूहळू मरतात, आणि बरं करणारं औषध नाही. व्यायामाचं शोभानेच विचारलं. "हलका करा, सांधे आखडू देऊ नका," डॉक्टर म्हणाले, "पण थकायच्या आधी थांबायचं. दुसऱ्या दिवशी हात जड वाटला, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा." इतकं सोपं. शोभा सिल्वासाच्या सरकारी शाळेत चौथीला शिकवायची. तिच्या वर्गातल्या पोरांनाही हे कळलं असतं. कळलं नाही ते मसाटच्या कारखान्यातल्या इंजिनिअर लोकांना.

त्यात सगळ्यांत पुढे सुधाकर खानविलकर. मसाटच्या त्या यार्नच्या, म्हणजे धाग्याच्या, कंपनीत ते वर्क्स मॅनेजर, जयवंत त्यांच्या हाताखाली मेंटेनन्स सांभाळणारा, आणि राहायलाही ते वरच्या मजल्यावर, जयवंतच्या बरोबर डोक्यावर. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर शोभाने पहिल्याच दिवशी वाटेला लावला असता. त्यांनी जयवंतला खुर्चीत बसून करायचं काम दिलं, नोकरीला धक्का लागू दिला नाही, आणि मग त्या उपकाराच्या जोरावर त्याच्या हाताचा ताबाच घेतला.

"वहिनी, बंद ठेवलेलं मशीन जाम होतं," ते म्हणाले. "चालतं ठेवायचं. रोज थोडा लोड वाढवायचा."

शोभाने कपाळाला हात लावला असता, पण जयवंतनेच मान डोलावली. त्याचा सगळा जन्म मशिनांत गेलेला. पावसाळाभर पडून राहिलेली मोटर पुन्हा कशी फिरती करायची हे त्याला ठाऊक होतं, आणि आपलं शरीरही त्याच जातीचं आहे अशी त्याची खात्री होती. खात्रीहून भीती जास्त. मुंबईहून परतताना त्याने शोभाकडे एकच गोष्ट मागितली होती, "मला भरवायची वेळ येऊ देऊ नकोस. जमेल तितकं माझ्या हाताने जेवू दे." तिने तसं वचन दिलं होतं.

दसऱ्याला कारखान्यात मशिनांची पूजा झाली आणि संध्याकाळी खानविलकर साहेब वर्कशॉपमध्ये खास करवून घेतलेलं यंत्र घेऊन आले. व्हरांड्याच्या छताला हूक, हुकाला पुली, पुलीवरून दोरी. दोरीच्या एका टोकाला मूठ, दुसऱ्याला लोखंडी वजनं, वर निळा ऑइलपेंट. कॉलनी गोळा झाली. पुलीला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला, पेढे वाटले. माणसाची चौकशी करायला ज्यांना सवड नव्हती ते पुलीच्या पूजेला नटूनथटून आले. जयवंतने मूठ खाली ओढली, वजन वर गेलं आणि टाळ्या पडल्या.

मग रोज तोच तमाशा. कारखान्यातून आल्यावर साहेब खुर्ची टाकून बसायचे, शोभाच्या हातचा चहा प्यायचे आणि म्हणायचे, "शाब्बास जयवंत, अजून एकदा." जयवंतचा चेहरा लाल व्हायचा, दंडाचं मांस कातडीखाली फडफडायचं. "बघा वहिनी, स्नायू जागा होतोय," साहेब म्हणायचे. शोभा डॉक्टरांचं बोलणं सांगायची. त्यावर ते हसायचे. "डॉक्टर लोक घाबरट असतात."

आणि रात्रीच्या जेवणाला जयवंतचा हात वर उचलला जायचा नाही. आधी तो मान वाकवून घासापर्यंत तोंड नेऊ लागला. मग भूक नाही म्हणू लागला. धडधडीत खोटं. शोभाचा जीव तुटायचा आणि तितकाच संताप यायचा, नवऱ्याचासुद्धा.

"थकलात ना?" ती विचारायची.

"थकलो म्हणजे व्यायाम लागू पडला," तो म्हणायचा.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी साहेब नवं वजन घेऊन आले. ओढून झालं, शाब्बासकी झाली. शोभाने चहा आणला नाही. तिने आत दोन ताटं वाढली, वरणभात, तूप, लिंबाची फोड. "भाऊजी, आज जेवूनच जा."

साहेबांनी भात कालवून पहिला घास घेतला. जयवंतने कसाबसा घास गोळा केला, पण हात ताटावरून वर येईना. खांदा उचलून पाहिला, तितक्याच दुबळ्या होत चाललेल्या डाव्या हाताने रेटून पाहिला. मनगट ताटाच्या कडेवरून घसरलं आणि भात मांडीवर सांडला.

"आज जरा जास्त झालं वाटतं," साहेब पुटपुटले.

"रोज होतं," शोभा म्हणाली. "तुम्ही वर जाऊन जेवता म्हणून दिसत नाही. ह्यांच्या हातात दिवसाचा जेवढा जोर आहे तो सगळा तुमच्या शाब्बासकीवर खर्च होतो. घासाला उरत नाही."

"वहिनी, माझा हेतू..."

"हेतू चांगलाच आहे. पण त्याने ह्यांचं पोट भरत नाही. बसलाच आहात तर भरवा."

साहेबांनी भरवलं नाही. ताट तसंच ठेवून हात धुतले आणि निघून गेले.

"अब्रू घालवलीस माझी," जयवंत म्हणाला. जे न करण्याचं वचन शोभाने दिलं होतं तेच तिने केलं, त्याला घास भरवला. तो रडत रडत जेवला.

त्यानंतर पुली नुसती लोंबत राहिली. शोभा सकाळी त्याचे सांधे हळूच हलवून द्यायची आणि तो थकायच्या आत थांबायची. हातात थोडा जोर परतला, सगळा नाही. गेलेलं ते गेलंच. जयवंत व्हरांड्यात बसून त्या पुलीकडे बघत राहायचा. रोगाने आता त्याची जीभही जड होऊ लागली होती, तरी एक दिवस तो स्पष्ट म्हणाला, "शोभा, मूठ काढ. तिथे जुन्या साडीची रुंद पट्टी बांध."

तिने बांधली. पट्टीच्या झोळीत त्याचा हात ठेवला. त्याने दुसऱ्या टोकाची बरीच वजनं काढायला लावली, एक परत अडकवायला लावलं. मग खुर्ची पुलीखाली, समोर स्टूल, स्टुलावर ताट. हाताचा भार आता वजनाने उचलला होता. जयवंतने नुसता इशारा केल्यासारखा हात हलवला आणि घास तोंडाशी गेला.

बघे जमलेच. "किती किलोपर्यंत आले?" पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं.

"वरणभातापर्यंत," शोभा म्हणाली.

तेवढ्यात साहेब जिना उतरून आले. थबकले, पुलीकडे पाहिलं, आणि त्यांच्यातला इंजिनिअर लगेच जागा झाला. "अरे वा जयवंत. आता ह्यात रोज थोडं थोडं वजन..."

जयवंतच्या तोंडात घास होता. त्याने पुलीला टांगलेला हात उचलला आणि पंजा साहेबांसमोर धरला, थांबा म्हणून. मग तोच हात त्याने ताटात नेला आणि पुढचा घास घेतला.

शोभाने त्या दिवशी त्यांना चहाही विचारला नाही.