बापूंच्या गाडीचा आवाज

बापू डोंगरे रेल्वेत मालगाडीचे डबे तपासायचे. यार्डात शिरणारी गाडी रुळाशेजारी उभं राहून नुसती ऐकायची आणि "सतरावा डबा, बेअरिंग गेलं" असं सांगून टाकायचं, यात अख्ख्या जबलपुरात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. निवृत्त झाले तेव्हा लेकीनं, गीतांजलीनं, त्यांना मॉडेल रेल्वे आणून दिली. इंजिन, सहा डबे, गोल पटरी. घमापुरातल्या घराच्या मागच्या खोलीत बापूंनी प्लायवूडच्या टेबलावर ती मांडली आणि रोज दुपारी त्यांची गाडी धावू लागली.

एकच गोष्ट त्यांना खटकायची. बायको, पुष्पाबाई, शेजारच्या खोलीत टीव्ही बघायची, तेव्हा पडद्यावर आवाजाचा आकडा पार चाळीसवर गेलेला दिसायचा. "पुष्पाले आता कमी ऐकू येऊन राहिलं," असं बापू येणाऱ्या-जाणाऱ्याला काळजीनं सांगत.

यंदा गीतांजली आली आणि बापूंनाच कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. बापू कानाला मशीन लावून घरी आले, चहा घेतला आणि सवयीप्रमाणे गाडी सुरू केली.

खर्रर्र! खडखड, किरकिर, त्यावर इंजिनाची घरघर. बापूंनी घाईघाईनं बटण बंद केलं.

"पुष्पा! गाडीले काहीतरी झालं!"

पुष्पाबाई दारात आल्या. "काही नाही झालं. दोन वर्षांपासून अशीच वाजून राहिली."

"मग तू काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू? तिच्यापाशी बसले की तुम्ही इतके खुश दिसत होते. मी आपला टीव्ही मोठा करून घ्यायची."

बापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण गावभर काय सांगत फिरलो ते आठवून त्यांचे कान मशीनसकट तापले. ते एवढंच म्हणाले, "चलो, आठ दिवस दे मले."

दुसऱ्या दिवशी बापूंनी डबे पटरीवरून उतरवले. एक फळी तिरपी ठेवली आणि एकेक डबा वरून सोडून पाहिला. तीन डबे सुरसुरत खाली आले, दोन रखडत पोचले, एक तर मधेच थबकला. चष्मा लावून त्यांनी तो उलटा केला. चाकांमधल्या आसाला काहीतरी गुंडाळलेलं होतं. चिमट्यानं हळूहळू ओढलं तर हातभर लांब पांढरा केस निघाला.

"घे. तूच ब्रेक लावून ठेवला होता."

"अच्छा! आता माझंच नाव!" पुष्पाबाई हसत सुटल्या.

त्यांनी जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या काढून दिल्या. बापूंनी चाकांवरचा काळा थर पुसला. तेल मात्र घातलं नाही, त्याला धूळ चिकटते. मऊ पेन्सिलीचं शिसं घासून त्याची भुकटी आसांच्या टोकांना लावली. आता सहाही डबे फळीवरून पाण्यासारखे उतरले. तरी गाडी चालवली की टेबल घुमायचंच. बापूंनी पटरीला बोट लावलं, मग टेबलाला, आणि कपाळावर हात मारला. पटरी स्क्रूनं थेट प्लायवूडवर आवळलेली. अख्खं टेबल म्हणजे ढोल झालं होतं.

गोहलपुरच्या एका कारखान्यातून ते दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा घेऊन आले. पुष्पाबाईंनी त्याच्या पट्ट्या कापल्या. स्क्रू काढून टाकले, नमदा अंथरला आणि पटरी त्याच्यावर गोंदानं बसवली.

गाडी सुटली. बापू डोळे मिटून उभे राहिले, यार्डात राहायचे तसे. हलकी टकटक येत होती, तिच्यात कुठेतरी बारीक खरखर.

"चौथा डबा. कपलिंग खाली घासून राहिलं."

काढून पाहिलं, तर खरंच डबे जोडणारा आकडा वाकलेला होता. तो सरळ करताना बापूंचा चेहरा असा खुलला, की पुष्पाबाई खुर्ची ओढून तिथेच बसल्या. चार फेऱ्या त्यांनी मान डोलावत पाहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, सारं आहे, पण यात नर्मदामाई कुठे आहे?"

"म्हणजे पूल करावा लागेल. पत्र्याचा. तिथे नमदा बसणार नाही, आवाज होईल बरं."

"होऊ द्या नं. पुलावर गाडी वाजलीच पाहिजे. तिलवाऱ्याले नर्मदा दिसली नाही तरी पुलाचा आवाज झाला की हात जुळतात माझे."

बापूंनी पेन्सिल उचलली आणि टेबलावर नदी कुठून आणायची, ते विचारायला ती पुष्पाबाईंच्या हातात दिली.