शिळ्या भाकरीची दुरडी

मित्रांनो, मी एक जुनी दुरडी आहे. बांबूची, धुराने काळवंडलेली, एका बाजूने जरा उसवलेली. सापगावातल्या एका स्वयंपाकघरात फळीवर बसून मी भाकऱ्या सांभाळते. दिसायला मी आता काही खास नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझा तोरा अजून गेलेला नाही.

उंबरमाळीच्या बाजूला एका पाड्यावर लखमा नावाचा कारागीर राहायचा. त्याने हिरवा बांबू चिरून कामट्या काढल्या आणि त्याच्या बायकोने, सावळीने, मला विणले. "तुझ्या कामट्या जाड नि माझी वीण बारीक," असे ती त्याला सारखी चिडवायची. शहापूरच्या बाजारात सुंदराने मला उलटेसुलटे करून पाहिले आणि उचलले. नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट. तिचे नवीनच लग्न झाले होते.

ते दिवस फार सुखाचे होते. रोज संध्याकाळी तांदळाच्या गरम भाकऱ्या माझ्या कुशीत यायच्या. माझ्या विणीतून वाफ निघून जाते, म्हणून भाकरीला घाम सुटत नाही. सुंदराचा नवरा सोमा जेवताना म्हणायचा, "दुरडीतली भाकर गार झाली तरी गोडच लागते." मी आतल्या आत फुलून जायचे.

पुढे सोमा आसनगावच्या कारखान्यात कायम झाला आणि घरात रोज पोळ्या होऊ लागल्या. पगारदाराच्या घरी भाकरी बरी दिसत नाही, असे कुणीतरी सुंदराच्या डोक्यात भरवले होते. पोळ्यांसाठी स्टीलचा चकचकीत डबा आला. मला खुंटीला टांगून माझ्यात कांदे भरले. कांद्यांशी माझे वैर नाही, पण त्यांच्या संगतीत कुणाला हसू येईल?

त्यांची मुलगी संघरत्ना तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागली होती. घरात सगळे तिला रत्ना म्हणत. ही पोर बघता बघता सुकू लागली. पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे, सारखे जुलाब. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. पाव, खारी, बिस्किटे घेऊन येतात, कारण भाकरी पोटाला जड आणि पाव हलका, असा सगळ्यांचा पक्का समज. शेजारीपाजारी मायेने पुडे आणत होते, सुंदरा चहात बुडवून मायेने भरवत होती, आणि रत्ना आणखीच खंगत होती. पोर हाती लागत नाही की काय, या भीतीने सुंदरा चुलीपुढे बसून रडायची. खुंटीवरून मला सगळे दिसायचे. पण दुरडीला बोलता येत नाही.

शेवटी सोमा तिला ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तपासण्या झाल्या. घरी आल्यावर त्याने बूटही काढले नाहीत.

"गहू चालतच नाय तिच्या पोटाला," तो म्हणाला. "पोळी, पाव, खारी, रवा, सगळं बंद. कायमचं. हिंगाच्या डबीत पण पीठ मिसळतात बोलले, ती पण टाक. तांदूळ, नाचणी खाऊ दे."

"म्हणजे आमीच तिला..." सुंदराने फळीवरच्या पुड्यांकडे पाहिले.

"आपल्याला काय ठाव होतं गो?" सोमा हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कांदे माझ्यातून बाहेर आणि मी गरम पाण्यात! सुंदराने मला घासून घासून धुतले, उन्हात वाळवले आणि फळीवर मानाने बसवले. खोटे कशाला बोलू, स्टीलच्या डब्याकडे मी जरा तिरकेच पाहिले.

पण आनंद फार टिकला नाही. सुंदरा बालवाडीत मदतनीस होती. तिला सकाळी लवकर जावे लागे, म्हणून भाकऱ्या आदल्या संध्याकाळीच व्हायच्या. तांदळाची भाकरी सकाळपर्यंत कडक होते. रत्ना ती ताटात आपटून दाखवायची. "ही भाकर नाय, कौल हाय!" एकदा तिने मैत्रिणीच्या, जयाच्या घरी गुपचूप खारी खाल्ली आणि पुन्हा अंथरूण धरले. शिळ्या भाकऱ्या कोंबड्यांना जाऊ लागल्या. कोंबड्या गुबगुबीत झाल्या आणि पोर तशीच राहिली.

अशात मुरबाडहून सोमाची थोरली बहीण भीमाबाई आली. आवाज असा की एसटीतून उतरली तेव्हाच घरात कळले. आल्या आल्या तिने माझ्यात डोकावून पाहिले.

"एवढ्या भाकऱ्या कोंबड्यांना?"

"शिळ्या हायेत, वन्सं. आजारी पोरीला शिळं घातलं तर लोक काय बोलतील?"

"लोक पावाचे पुडे घेऊन आलेवते ना? मग?"

भीमाबाईने रत्नाला परातीपुढे बसवले आणि म्हणाली, "मोड गो. गणिताचा सगळा राग काढ हिच्यावर." रत्ना दोन्ही हातांनी भाकऱ्या मोडायला लागली आणि किती दिवसांनी खदखदून हसली! भीमाबाईने त्या चुऱ्यावर ताक शिंपडले. मोहरी, कढीपत्ता, मिरची, कांदा, शेंगदाणे, हळद अशी फोडणी केली, चुरा परतला आणि झाकण ठेवून वाफ काढली. घरभर वास सुटला. रत्नाने बशी चाटूनपुसून खाल्ली आणि पुढे केली. मला इतका आनंद झाला की फळीवरून उडीच मारावीशी वाटली!

मग रोज नवे काहीतरी. कधी गूळ-तूप घालून लाडू, कधी चुरा ताकात भिजवून वर लसणाची चटणी. एकदा भीमाबाईने सुकटीच्या कालवणात भाकरी इतकी मुरवली की सोमा आपली पोळी बाजूला सारून लेकीच्या ताटात हात घालू लागला. काही महिन्यांत रत्नाचे गाल भरले. तिचे जुने फ्रॉक आखूड झाले, तेव्हा सुंदराने ते शेजारणींना दाखवले.

एकदा शाळेत अंगतपंगत होती. सगळे डबे मध्ये ठेवायचे आणि वाटून खायचे. पोरी हसतील म्हणून रत्ना जायला तयार नव्हती. सुंदराने फोडणीच्या भाकरीने डबा गच्च भरला आणि तिला बळेच पाठवले. त्या दिवशी सुंदराचे कशातच लक्ष नव्हते. दहा वेळा दारात जाऊन आली.

संध्याकाळी रत्ना धावत आली. "आई, सगळी संपवली त्यांनी! जयाने तीनदा घेतली. मला घासभर पण नाय उरली!"

सुंदराचा चेहरा उतरला. "मग तू काय खाल्लंस गो? पुऱ्या खाल्ल्यास?"

"नाय! कायच नाय खाल्लं. भूक लागलीय."

तिने मला फळीवरून ओढून मांडीवर घेतले. कालची भाकरी तशीच कोरडी, कडक, मीठ-मिरचीला लावून ती कडाकडा खाऊ लागली. सुंदरा हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती.

"आई," तोंडात घास तसाच ठेवून रत्ना म्हणाली, "आज जास्त भाकऱ्या कर. मुद्दाम उरव."

मित्रांनो, उरलेली भाकरी टाकू नका, तिला फोडणीपर्यंत पोचवा. आणि आजारी मुलाला भेटायला जाल तेव्हा पुडा घेण्याआधी त्याच्या आईला एवढेच विचारा, "याला काय चालतं?"