सात पिढ्यांच्या आया

मित्रांनो, मी तुतीच्या लाकडाचा म्हातारा पाळणा आहे, आणि मला फार राग आला आहे. मी तुमच्याकडच्या पाळण्यासारखा टांगलेला नसतो. वाकड्या पायांवर जमिनीवरच डुलतो. उझबेकांच्या मुलखात, नुराता डोंगराच्या पायथ्याशी, बेर्दियोर यांच्या घरात मी तीन पिढ्या निजवल्या. पुढची पंचवीस वर्षे कोठीत कांद्यांखाली काढली.

काल मला पुसून बाहेर आणले. बेर्दियोर यांना पहिली नात झाली आहे. आमच्याकडे पहिल्या बाळाचा पाळणा आईच्या माहेरून येतो. पण सून निगिना समरकंदची, ताजिक बोलणारी. तिच्या माहेरचा पाळणा बेर्दियोर यांनी दारातूनच परत पाठवला.

"आमचे बापजादे गवताळ मुलखातून घोड्यांवर आले," असे म्हणून त्यांनी सात पिढ्यांची नावे घडाघडा म्हटली. "पोरगी आमच्याच पाळण्यात निजेल. आणि सूनबाई, तुमच्या भाषेतली अंगाई इथे नको."

निगिनाने बाळाला माझ्यात ठेवले. बाळ रडत राहिले.

आमचाच पाळणा म्हणे. मला बुखाऱ्याच्या ताजिक सुताराने घडवले. बेर्दियोर यांच्या आजीच्या माहेरच्यांनी गाढवावर लादून इथे आणले. बाळाला बांधायचे माझे लोकरीचे पट्टे तेवढे तिच्या तंबूत राहणाऱ्या भटक्या सासूने विणले. उत्तरेचे घोडेस्वार काय ओसाड मुलखात उतरले? इथे कालवे होते, बागा होत्या, ताजिक होते, आधी आलेले तुर्कही होते. सगळ्यांची लग्ने लागली, तेव्हा कुठे आजचे उझबेक झाले. त्या सात नावांत एकाही आईचे नाव नाही.

इतक्यात बेर्दियोर यांची थोरली बहीण हमरोबीबी आत आली.

"बेर्दी, तुला आजीने कुठल्या भाषेत निजवलं रे?"

"आपा, मी तान्हा होतो. मला काय आठवणार?"

"मला आठवतं. दुसऱ्या भाषेत तू गप्पच बसत नव्हतास. भोकाड असं पसरायचास, की मेंढ्या बुजायच्या."

ती माझ्याशेजारी बसून ताजिकमध्ये गाऊ लागली. दुसऱ्या ओळीत अडली. पुढचे शब्द आठवेनात.

ते शब्द उंबऱ्यातून आले, गुरगुरल्यासारखे. बेर्दियोर यांनीच म्हटले, आणि मान वळवून अंगणात निघून गेले.

निगिनाने उरलेली अंगाई म्हटली. बाळ निजले.

माझा राग मात्र गेलेला नाही. मित्रांनो, मला रंग नको, नवे पट्टे नकोत. आजीचे गाणे पाठ असलेल्या माणसाला तिचे नाव सांगता येत नाही. निदान तुम्ही तरी पाठ करा. तिचे नाव मोहसितोरा होते.