दोन मार्टिनांमधली हंसीण

मी एक म्हातारी हंसीण आहे. मित्रांनो, हंस म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे डौलदार मान येईल. माझी मान आखूड आणि जाड आहे, आवाज भसाडा आहे, आणि मला दोन्हींचा अभिमान आहे. ही मान अजून जागेवर कशी राहिली, तेवढं सांगते.

ऱ्हाईन नदीच्या काठी, याकोबच्या अंगणात मी अंड्यातून बाहेर आले. त्याच्या लेकीने, रेगुलाने, मला हाताने घास भरवून वाढवलं. मी अंगण राखलं, कोल्ह्याला पळवून लावलं, एकदा तर पाद्रीबुवांच्या पोटरीचा चावाही घेतला. सगळे माझं कौतुक करत. पण झाडांची पानं गळू लागली तशी कौतुकाची तऱ्हा बदलली. "काय गुबगुबीत झालीय!" असं म्हणत याकोब माझी छाती चाचपू लागला. संत मार्टिनच्या सणाला आमच्याकडे घरोघरी हंस भाजतात, हे मला तेव्हा कळलं. मी दाणे टिपायचंच सोडलं. रेगुलालाही जेवण जाईना.

आता आमच्या नदीची गंमत ऐका. पलीकडच्या काठाने नवं पंचांग घेतलं होतं आणि आमचा काठ जुन्यालाच चिकटून होता. त्यामुळे प्रत्येक सण तिकडे दहा दिवस आधी यायचा. आमची माणसं त्यांना 'उतावळे' म्हणत, ती आम्हाला 'शिळे' म्हणत. त्या वर्षी एका संध्याकाळी पलीकडून खरपूस भाजल्याचा वास आला. दुसऱ्या दिवशी उजाडताच रेगुला मला घेऊन पाण्यापाशी गेली. समोरच्या काठावर अफ्रा नावाची बाई मासेमारीची जाळी सांधत बसली होती.

"अफ्रामावशी! तुमच्याकडचा मार्टिन झाला का हो?"

"कालच झाला! हाडंसुद्धा चोखून झाली!"

"मग आमचा होईपर्यंत हिला ठेवून घ्याल?"

"धाड की! पण मला चावली तर पिसं उपटीन, सांगून ठेव!"

मी पाण्यात झेप घेतली. असं मी आयुष्यात कधी पोहले नव्हते. इकडे सणाच्या दिवशी याकोब सलगम चावत कुरकुरला, "जाऊ दे मेली. त्या उतावळ्यांशी कोण भांडत बसणार?" सण सरला आणि मी मान ताठ करून परत आले. पुढे दरवर्षी आमचा हाच खेळ. ते माझे फार सुखाचे दिवस होते.

मग एका हिवाळ्यात आमच्या काठानेही नवं पंचांग घेतलं आणि मधले दिवस गाळून टाकले. म्हाताऱ्या बोटं मोडत राहिल्या, पोरं नाचली. रेगुला मात्र माझ्या पाठीत तोंड खुपसून रडली. आता दोन्हीकडे मार्टिन एकाच दिवशी येणार होता. मला पळून जायला काठच उरला नव्हता.

सण उजाडला. याकोबने सुरीला धार लावली. मी कोपऱ्यात अंग चोरून उभी होते आणि रेगुला माझ्यापुढे हात पसरून. तेवढ्यात दारात अफ्रा, हातात माशांच्या रश्श्याचं पातेलं.

"इतकी वर्षं समोरासमोर राहतो, पण एकाच दिवशी सण कधी केला नाही. म्हटलं, जावं शिळ्यांकडे!" मग तिला सुरी दिसली. "अरे याकोबा, हिला कापतोस? दरवर्षी माझ्या घरी जेवलीय ती. अर्धी माझी आहे! तुझी अर्धी खुशाल काप. माझ्या अर्धीला धक्का लागला तर याद राख!"

याकोबने माझ्याकडे पाहिलं, सुरीकडे पाहिलं. "अर्धी कुठून धरायची, अफ्राबाई?" असं म्हणाला आणि पोट धरून हसत सुटला. त्याच सुरीने त्याने पाव कापला. पहिला तुकडा मला मिळाला. मी आनंदाने एवढी ओरडले की पलीकडच्या काठावरचे कुत्रे भुंकले.

मित्रांनो, आता माझी पिसं विरळ झाली आहेत आणि अंगण राखायला तरणी हंसीण आली आहे. तरी मार्टिनच्या दिवशी माझी जागा ठरलेली असते, रेगुला आणि अफ्रा यांच्या मधोमध. माझी एकच विनंती आहे. पंचांग कोणतंही पाळा, सण कधीही करा. पण ज्याला हाताने घास भरवलात, त्याला ताटात वाढू नका, पंगतीला बसवा.